थकीत माणसाचं खातं

बचत खात्याच्या अर्जात सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणाऱ्या पतगुणांचा, रकाना नसतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, ओळखीचा एक कागद, पॅन किंवा ते नसेल तर त्याबद्दलचा फॉर्म, वारसाचं नाव, सही. संपलं. तरीही वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी बँकेत अर्धा तास उभं राहिलं तर एक प्रश्न कानावर येतोच : "साहेब, माह्यं सिबिल खराब हाय, खातं निघन काय?" आणि काउंटरमागून उत्तर येतं : "कर्ज कोणत्या बँकेत आहे? मग तिकडंच जा ना." विचारणाऱ्यालाही हे रास्तच वाटतं. कर्ज थकलं, पत गेली, आता दुसऱ्या बँकेच्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं, असं म्हणत तो पिशवी उचलतो.

इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. कर्जात माणूस बँकेचा देणेकरी असतो, बचत खात्यात बँक माणसाची देणेकरी असते. पत तपासायची ती देणेकऱ्याची. म्हणजे खातं उघडताना कोणाची पत पाहायचीच असेल, तर शेतकऱ्यानं बँकेची पाहावी. विदर्भात तसं पाहायला पुरेशी कारणंही आहेत, त्याकडे पुढं येतो.

मूळ मुद्दा असा. कर्ज थकलं म्हणून साधं बचत खातं नाकारणं चूकच आहे, पण त्याहून मोठी चूक वेगळी आहे. थकीत माणूस आपलं अनुदान, मजुरी आणि पिकाचे पैसे त्याच बँकेत येऊ देतो जिथं तो थकलेला आहे. ही त्याची चूक कमी आणि व्यवस्थेनं त्याच्यासाठी आखून ठेवलेली वाट जास्त. ती वाट बदलता येते. अर्ध्याहून अधिक काम शेतकरी स्वतः करू शकतो, उरलेलं सरकारनं आणि रिझर्व्ह बँकेनं करायचं आहे.

आधी हक्काचं काय ते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१२ मध्ये 'बेसिक बचत ठेव खातं' सगळ्या व्यापारी बँकांना बंधनकारक केलं आणि जून २०१९ मध्ये त्याचे नियम सुधारले. या खात्याला किमान शिल्लक नाही. पैसे भरण्याच्या वेळा आणि रक्कम यांवर बंधन नाही. एटीएम कार्ड फुकट. महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं फुकट, त्यात एटीएममधून काढलेलेही धरले जातात. खातं बरेच दिवस न वापरल्याबद्दल किंवा पुन्हा चालू करण्याबद्दल पैसे घेता येत नाहीत. २०१४ साली आलेलं जनधन हे याच जातीचं खातं, वर रुपे कार्डाचा अपघात विमा. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना हा विमा दोन लाखांचा आहे, पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्डावर एक तरी व्यवहार झालेला असावा लागतो. कार्ड पाकिटासकट कपाटात ठेवणाऱ्या घरांना ही अट सहसा दावा नाकारला गेल्यावरच कळते.

हे खातं खासगी बँकेलाही द्यावंच लागतं. फलकावर मात्र ते नसतं. तिथं पाच-दहा हजार किमान शिल्लकेचं खातं पुढं केलं जातं, आणि मागणाऱ्याला 'बेसिक' हा शब्द माहीत नसेल तर तेच गळ्यात पडतं. म्हणून शब्द नेमका वापरावा : "बेसिक बचत ठेव खातं पाहिजे, किमान शिल्लक नसलेलं." आधीच साधं खातं असेल तर लेखी अर्ज देऊन त्याच बँकेत ते बेसिकमध्ये बदलून मागता येतं. एका बँकेत बेसिक खातं असताना तिथंच दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, जुनं तीस दिवसांत बंद करावं लागतं.

अडवणुकीची आणखी एक तऱ्हा आहे. ज्यांनी कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट (ही दोन्ही फिरती कर्जं) घेतलाय त्यांच्या चालू खात्यांवर रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये बंधनं घातली. ती चालू खात्याची आहेत. काही शाखांत तीच बचत खात्यावर चिकटवून 'आधीच्या बँकेचा ना-हरकत दाखला आणा' असं सांगितलं जातं. असा दाखला बचत खात्याला लागत नाही. मागितला तर 'लेखी द्या' एवढंच म्हणावं. बहुतेक वेळा तिथंच विषय मिटतो, कारण लेखी देण्यासारखं काही नसतंच.

कागदांबाबतही गोंधळ आहे. रेशनकार्ड चालत नाही, आणि ते घेऊन दोन-दोन खेपा मारणारे खूप. मतदार ओळखपत्र चालतं, ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं, फक्त त्यावर अधिकाऱ्याची सही हवी. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निव्वळ खातं उघडायला आधारची सक्ती नाही. पण सरकारी लाभ त्या खात्यात यायचे असतील तर आधार लागतंच, त्यामुळं व्यवहारात आधार द्यावंच लागतं.

आता कोणती बँक. याचं उत्तर एका वाक्यात आहे : जिथं तुम्ही किंवा तुमच्या जामिनावर दुसरा कोणी थकलेला आहे ती सोडून कोणतीही खरी बँक.

का, ते पासबुकात दिसतं. पासबुक छापून घेतलं तर शेवटच्या ओळीत ८,४१२ रुपये असतात. ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावला की मशीन 'अपुरी शिल्लक' म्हणतं. माणूस केंद्रचालकावर चिडतो, केंद्रचालक सर्व्हरवर ढकलतो. खरं कारण असं की खात्यावर होल्ड आहे. पासबुक खात्याची शिल्लक दाखवतं, मशीन हाती देण्याजोगी शिल्लक दाखवतं, आणि थकीत कर्जापोटी बँकेनं या दोहोंमध्ये भिंत घातलेली असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७१ नं बँकेला ग्राहकाच्या तिच्याकडे असलेल्या मालावर सर्वसाधारण धारणाधिकार दिलेला आहे, आणि ठेवीतून येणं वळतं करण्याचा हक्क बँका त्याच्याच सोबतीनं चालवतात. हक्क जुना आहे, खोटा नाही. पण तो त्याच बँकेपुरता आहे. दुसऱ्या बँकेतल्या तुमच्या खात्यावर ही बँक स्वतःहून हात घालू शकत नाही, त्यासाठी तिला न्यायाधिकरण, न्यायालय किंवा वसुली अधिकाऱ्याचा आदेश लागतो.

शाखा बदलून काही होत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. गावातल्या शाखेत थकलं म्हणून जिल्ह्याच्या गावी त्याच बँकेत खातं काढणारे आहेत. बँकेच्या संगणकात ग्राहकाचा क्रमांक एकच असतो, होल्ड त्या क्रमांकामागून येतो. विलीनीकरणाचाही असाच फास आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एक झाली, म्हणजे एकीकडं कर्ज आणि दुसरीकडं बचत ठेवलेल्याची दोन्ही खाती आता एकाच बँकेत आहेत.

बायकांच्या खात्याचं वेगळं लक्षात घ्यावं. नवऱ्याच्या थकीत कर्जापोटी बायकोच्या एकटीच्या खात्यावर होल्ड लावता येत नाही, ती जामीनदार किंवा सहकर्जदार असेल तर गोष्ट निराळी. म्हणून कर्जाच्या कागदावर 'इथं एक सही कर' म्हणून झालेली सही कशाची होती, ते काढून पाहावं. लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले, आणि पहिल्याच हप्त्यांच्या वेळी काही ठिकाणी बँकांनी त्यातून जुने दंड आणि हप्ते कापून घेतले. सरकारला बँकांना तंबी द्यावी लागली. त्यातला किमान शिल्लकेचा दंड तर मुळातच लंगडा होता. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम आहे की किमान शिल्लक नसल्याच्या दंडामुळं बचत खातं उणे होता कामा नये. खातं 'उणे ७००' दाखवत असेल आणि ते फक्त या दंडामुळं असेल, तर ते सातशे तुम्ही देणं लागत नाही.

पर्याय कोणते, तर पहिला माझ्या मते पोस्टाची पेमेंट्स बँक, म्हणजे १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. पेमेंट्स बँकेला स्वतःचं कर्ज वाटण्याची परवानगीच नसते. जिथं कर्जच नाही तिथं त्या कर्जापोटी होल्डही नाही. गडचिरोली किंवा मेळघाटात जिथं बँकेची शाखा एका दिवसाच्या अंतरावर आहे, तिथं पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन पैसे देतो ही जमेची दुसरी बाजू. मर्यादा दोन : खात्यात दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, आणि घरपोच सेवेला शुल्क लागतं. पोस्टाचं जुनं बचत खातं ही वेगळी गोष्ट, त्याला ५०० रुपये किमान शिल्लक लागते.

दुसरा पर्याय, जिथं तुमचं काहीच थकलेलं नाही अशी राष्ट्रीयीकृत बँक. स्टेट बँकेनं मार्च २०२० पासून सगळ्याच बचत खात्यांची किमान शिल्लक काढून टाकली, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तेच केलं. पण बेसिक मागायचं ते बेसिकच मागावं. बँकेनं स्वखुशीनं दिलेली सवलत उद्या ती परत घेऊ शकते, बेसिक खात्याचा नियम तिच्या मर्जीवर नाही.

आणि पतसंस्था? तिच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ती बँक नाही. तिथल्या ठेवीला ठेव विमा नाही. खऱ्या बँकेत ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विमा आहे. सुरुवातीला म्हटलं की बँकेची पत पाहायला विदर्भात कारणं आहेत, ती ही : नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका अडचणीत आल्या तेव्हा लोकांना स्वतःचेच पैसे मिळेनात. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, मलकापूर अर्बनचा २०२३ मध्ये. गंमत अशी की या बँकांच्या ठेवीदारांना कोणी 'आधी बँकेचं सिबिल बघा' असं सांगितलं नव्हतं.

जिल्हा बँकेबद्दल मात्र एक भान ठेवावं. पीककर्ज गावच्या सोसायटीचं, खातं जिल्हा बँकेचं. कागदावर या दोन संस्था आहेत, काउंटरवर एकच खिडकी. सोसायटीचं थकलेलं असेल तर जिल्हा बँकेतल्या खात्याला स्वतंत्र समजणं धोक्याचं.

आता जिथं सगळ्यात जास्त लोक फसतात ते. मोबाइलवर पाच मिनिटांत खातं निघतं, आधारचा ओटीपी टाकला की झालं. गावातला भाचा काढून देतो. या खात्याची अट जाहिरातीत बारीक अक्षरात असते : शिल्लक कधीही एक लाखाच्या वर नको, आर्थिक वर्षात एकूण जमा दोन लाखांच्या वर नको, आणि एका वर्षात पूर्ण केवायसी झाली नाही तर खातं बंद. तीन एकरांत वीस क्विंटल कापूस झाला आणि खासगी जिनिंगला ७,००० च्या भावानं गेला, तर १,४०,००० रुपये एका दमात जमा होतात. मर्यादा ओलांडली, खातं अडकलं. तेही डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा वेचणीची मजुरी द्यायची असते आणि हरभऱ्याला पाणी चाललेलं असतं.

कागदच नसलेल्यांसाठी 'छोटं खातं' असतं. बँक अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही-अंगठा दिला की उघडतं. त्याची दोरी आणखी आखूड : शिल्लक ५० हजार, वर्षाची जमा एक लाख, महिन्याला काढणं दहा हजार. बारा महिने चालतं, कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी बारा. ही दोन्ही खाती वाईट नाहीत, पण ती तात्पुरत्या छपरासारखी आहेत. कापूस घरात यायच्या आत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्यावी आणि पासबुकावरचा खात्याचा प्रकार डोळ्यांनी वाचावा.

नवीन खातं निघालं, तरी पैसे जुन्याच खात्यात जात राहतात. याचं कारण आधार सीडिंग. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं आणि लाभासाठी 'सीड' असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी आधार दहा खात्यांना जोडता येतं. पण पीएम किसान, नमो शेतकरी, लाडकी बहीण, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापसाचे पैसे असं जे जे आधारच्या आधारानं येतं, ते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत त्या घडीला ज्या एका बँकेचं नाव आहे तिथंच जातं. शेवटी ज्या बँकेनं सीडिंग केलं ती बँक. म्हणून नव्या बँकेत खातं उघडतानाच आधार सीडिंगचा संमती अर्ज वेगळा भरावा, त्यात 'आधीच्या बँकेतून इकडं वळवा' या पर्यायावर खूण करावी, जुन्या बँकेचं नाव लिहावं. मग आठवडाभरानं आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहावं. तिथं नव्या बँकेचं नाव आणि 'सक्रिय' दिसलं तरच काम झालं. सेतू केंद्रावाला 'लिंक हाय' म्हणाला, एवढ्यावर विसंबू नये. त्याला लिंक दिसते, सीडिंग दिसतंच असं नाही. सीडिंग बदललं नाही तर नवीन खातं रिकामं आणि जुनं होल्डवर.

आणि नवीन खात्याची नवी दुखणी लावून घेऊ नयेत. या खात्यावर मोबाइलचा, फ्रीजचा किंवा गटाच्या कर्जाचा आपोआप हप्ता कापण्याचा मँडेट देऊ नये. शिल्लक नसताना हप्ता आला की तो परत जातो, बँक परतीचा दंड लावते, वर १८ टक्के जीएसटी, आणि कर्ज देणारा आपला वेगळा दंड लावतो. पुढचे दोन हजार आले की आधी हेच खाल्ले जातात. होल्ड नसलेलं खातंही असं आतून पोखरतं. विम्याचे २० आणि ४३६ रुपये वर्षाला कापले जातात ते कोणत्या सहीवर, तेही विचारून घ्यावं. दोन्ही योजना स्वस्त आहेत, घ्यायच्या तर जाणून घ्याव्यात, आणि ४३६ वाली घेतली तर मे अखेरीस तेवढी शिल्लक ठेवावी.

अंगठ्याचं एक सांगायचं राहिलं. कापूस वेचून बोंडाच्या काट्यांनी बोटांची कातडी उलते, आणि ऐन हंगामात मशीन ठसा घेत नाही. "लागला नाही, पुन्हा लावा" असं तीनदा झालं, तर तीनपैकी एखाद्या वेळी पैसे कापले गेलेले असू शकतात. प्रत्येक प्रयत्नाची पावती मागावी, फसलेल्याचीही. पैसे कापले पण हाती आले नाहीत, तर पाच दिवसांत ते खात्यात परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. म्हणूनही एटीएम कार्ड घ्यावं. चार फुकट काढण्यांचा हिशोब ठेवून दोनशे-दोनशे न काढता महिन्याचं एकदम काढावं.

मग सिबिल कुठंच आडवं येत नाही का? एका जागी येतं. जनधन खात्यावर दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, दोन हजारांपर्यंतचा फारशा अटींशिवाय. पण ओव्हरड्राफ्ट म्हणजे कर्ज. तो देणं न देणं बँकेच्या हातात आहे, आणि फेडला नाही तर तोही पतअहवालात चढतो. 'जनधनात दहा हजार सरकार देते' असं सांगून खातं काढायला लावणाऱ्यांनी बऱ्याच लोकांच्या थकबाकीत एक ओळ वाढवली आहे. दुसरी गोष्ट, २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेल्यांनी, किंवा तडजोडीनं कर्ज मिटवलेल्यांनी, बेबाकी दाखला (कर्ज शिल्लक नसल्याचा) घेऊन ठेवावा आणि आपला पतअहवाल पाहावा. चारही पतमापन कंपन्यांना वर्षातून एक अहवाल फुकट द्यावा लागतो. मिटलेलं कर्ज तिथं अजून थकीत दिसत असेल तर दुरुस्तीला तीस दिवसांची मुदत आहे. पीककर्जाला सिबिल मागू नका, असा इशारा मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत दिला होता. तो कर्जाचा विषय, पण काउंटरवरच्या 'तुमचं सिबिल खराब' या वाक्याला तेव्हापासून धार थोडी कमी आली आहे.

यावर बँकेच्या बाजूनं एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसून सोडण्यासारखा नाही. थकीत माणसाला दुसऱ्या बँकेत जा म्हणणं म्हणजे बुडवायला शिकवणं, असं शाखाधिकारी म्हणतात. सोसायटीचे सचिव तर जास्त पोटतिडकीनं म्हणतात. वसुली खाली गेली की वरून कर्जाचा पुरवठा आटतो आणि जे दरवर्षी इमानानं नवं-जुनं करतात, म्हणजे जुनं फेडून नवं उचलतात, त्यांचंच कर्ज अडतं. हे खरं आहे. गावात एकाच्या थकबाकीची झळ शेजाऱ्याला लागते.

पण खातं बदलल्यानं कर्ज बुडत नाही. व्याज चढतच राहतं. सातबारावरचा बोजा तिथंच असतो, तो असेपर्यंत जमीन मोकळेपणी विकता येत नाही की दुसरीकडं गहाण ठेवता येत नाही. सहकारी संस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेता येतो, व्यापारी बँकेला दाव्याचा रस्ता आहे. होल्डची गोडी बँकेला लागते ती तो परिणामकारक आहे म्हणून नाही, फुकट आहे म्हणून. दावा लावायला वकील लागतो, होल्ड लावायला एक कळ. आणि वसूल काय होतं? दीड लाखाच्या थकबाकीत दोन हजारांचा हप्ता. त्यानं खातं एनपीएतून, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांच्या यादीतून, बाहेर येत नाही, घरात मात्र त्या महिन्याचं तेल-मीठ येत नाही. शिवाय होल्ड एकदा लागला की तो माणूस त्या बँकेच्या दारात फिरकत नाही, आणि तडजोडीच्या योजनेला बोलवायचं तेव्हा तो सापडत नाही. वसुलीच्या दृष्टीनंही हा तोट्याचा सौदा आहे.

एका ठिकाणी मात्र मी बँकेच्या बाजूनं आहे. ज्या पिकासाठी कर्ज दिलं, त्या पिकाच्या विक्रीतून बँकेनं वाटा मागणं गैर नाही. कर्ज दिलंच त्या भरवशावर होतं. फक्त आख्खी रक्कम रोखून धरणं गैर. मजुरी, पुढचं बियाणं आणि घरखर्च वजा जाऊन उरेल त्यातून, शेतकऱ्याशी बसून ठरवलेला हिस्सा घ्यावा. अतिवृष्टीची मदत, निराधारांचं अनुदान, रोजगार हमीची मजुरी, पीएम किसान यांना तर हातच लावू नये. हे पैसे बँकेच्या कर्जातून उगवलेले नाहीत.

सरकारला हे कळत नाही असं नाही. अतिवृष्टीच्या मदतीचा जीआर निघतो तेव्हा या रकमेतून कोणत्याही बँकेनं वसुली करू नये, अशी ओळ त्यात सहसा असतेच. जिल्हाधिकारी पत्र काढतात, वर्तमानपत्रात छापून येतं. पण ते पत्र शाखेत पोचेपर्यंत रक्कम वळती झालेली असते, आणि व्यापारी बँकेचं संगणकीय वसुलीचं बटण मुंबईच्या कार्यालयात असतं, तिथं यवतमाळच्या पत्राला कोण विचारतो. मग शेतकऱ्यानं अर्ज करायचा, शाखेनं वर लिहायचं, वरून मंजुरी यायची.

तो अर्ज तरी नीट करावा. तोंडी भांडण्यात दिवस जातो, कागद उरत नाही. अर्जात चार गोष्टी मागाव्यात : होल्ड कोणत्या तारखेला लावला, किती रकमेचा, कोणत्या कर्ज खात्यापोटी, आणि त्याची सूचना मला कधी दिली. खात्यात आलेली रक्कम कोणत्या योजनेची ते पासबुकाच्या ओळीसकट लिहावं. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच. शाखेनं पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं, एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या प्रबंधकाला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. ऑनलाइन होते, चंदीगडच्या केंद्राला साध्या पत्रानंही होते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडं लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती घेतच नाही, म्हणून त्या पोचेचा कागद जपून ठेवायचा.

पण दर हंगामात दर शेतकऱ्यानं हा अर्ज का करावा? बँका सांगतात की जमा झालेला पैसा कुठला, हे खात्यात कळत नाही, पैसा एकदा शिल्लकेत मिसळला की मिसळला. हे उत्तर टिकत नाही, आणि ते खोडायला दूर जावं लागत नाही. वर ज्या छोट्या खात्याचा उल्लेख आला त्याच्याच नियमात म्हटलं आहे की सरकारी अनुदान, कल्याणकारी लाभ आणि सरकारी खरेदीचे पैसे ५० हजारांच्या शिल्लक मर्यादेत मोजू नयेत. म्हणजे असा पैसा वेगळा ओळखता येतो, असं गृहीत धरूनच हा नियम लिहिलेला आहे. मर्यादा मोजताना जो पैसा ओळखू येतो, तो वसुली करताना ओळखू येत नाही, हे कसं?

रिझर्व्ह बँकेनं बेसिक खात्याच्या नियमांत एक कलम घालावं : या तीन प्रकारांपैकी अनुदान आणि लाभ यांच्यावर होल्ड किंवा वळती नाही, आणि सरकारी खरेदीच्या पैशातून खातेदाराच्या त्या वेळच्या लेखी संमतीनंच. जीआरमधली ओळ बँकेला विनंतीसारखी वाटते, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशातली वाटणार नाही. राज्य सरकारला ही मागणी रिझर्व्ह बँकेकडं पाठवायला नवा कायदा लागत नाही. खरिपाच्या तोंडावर राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक दरवर्षी होते आणि तिच्यात पीककर्जाचं उद्दिष्ट ठरतं. त्याच विषयपत्रिकेवर हा एक विषय घालावा, आणि गेल्या वर्षी किती बेसिक खात्यांवर होल्ड होता त्याचा जिल्हावार आकडा बँकांकडून त्या दिवशी टेबलावर मागावा.